घरातले फोटो हलतात! जुना डिजिटल कॅमेरा, मंगळागौर आणि १४३ पैकी ११

बोलघेवडी (धागाकर्ती) · बुधवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, कुठल्या विभागात टाकायचं कळेना म्हणून इथेच टाकतेय, चुकलं असेल तर संपादकांनी धागा हलवावा, फोटो तर हललेलेच आहेत.

काल नणंदेची पहिली मंगळागौर झाली आमच्या फ्लॅटवर. घरच्याच बायका म्हणून फोटोग्राफर सांगितला नव्हता. भाचीने (वय १७) कपाटातून आमचा २००८ सालचा छोटा डिजिटल कॅमेरा उकरून काढला, हल्ली कॉलेजच्या पोरांना या जुन्या डब्यांचं फार वेड आहे म्हणे, मोबाईलपेक्षा "वेगळं" येतं. ८ मेगापिक्सेल, ४ पट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालतो, हात हलला तरी सांभाळून घेणारं ते स्टॅबिलायझेशन का काय तेही आहे असं खोक्यावर लिहिलंय. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर इथे लगेच दोन पार्ट्या पडतील.

तर एकूण फोटो १४३. बरे आले ११. त्यातले सात सकाळी पूजेच्या वेळचे, खिडकीजवळ मांडलेल्या पत्रीचे. रात्रीच्या खेळांचे जवळजवळ सगळे हललेत. फुगडीत तर नुसता साड्यांचा चक्रीवादळ दिसतोय, झिम्म्यात हात गायब, आणि सासूबाई सोफ्यावर शांत बसल्यात तो फोटोसुद्धा हललाय!! त्या बिचाऱ्या काय हलणार, गुडघे दुखतात म्हणून तर बसल्या होत्या. हॉलमध्ये दोन ट्यूब आणि एक झुंबर चालू होतं, डोळ्यांना चांगला लख्ख उजेड वाटत होता.

अडीच आठवड्यांवर गणपती, मग गौरी. नवीन कॅमेरा घेणार नाहीये. काय चुकतंय ते सोप्या भाषेत सांगा प्लीज.

टपरीवरचा चहा · बुधवार, रात्री ११.५२

मोबाईलने काढा. धागा संपला.

बोलघेवडी · बुधवार, रात्री ११.५५

वाटच बघत होते की पहिला प्रतिसाद हाच येणार. मोबाईलनेही काढले हो, पण भाचीला या कॅमेऱ्याचेच हवेत आणि आता मलाही इरेला पडल्यासारखं झालंय.

जुनारोल · गुरुवार, सकाळी ६.२०

ताई, सांगलीत स्टुडिओत वीसेक वर्षं काढली, रोलच्या जमान्यापासून. तेव्हाही गिऱ्हाईक प्रिंट हातात घेऊन हेच म्हणायचं, "फोटो हललाय". आपल्याकडं हा एकच शब्द आहे आणि तिथंच घोळ होतो बघा. हात हलला तरी फोटो हलला, समोरचा माणूस हलला तरी फोटो हलला, आणि कुणीच हललं नाही, नुसता फोकस दुसरीकडं बसला तरी आपण म्हणतो फोटो हललाय. तीन वेगळे आजार आहेत, औषधं वेगळी. हात हलल्यावरचं औषध माणूस हलल्यावर घेतलं तर काडीचा उपयोग नाही.

आधी फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि मोठा करून बघा, अगदी ठिपके दिसेपर्यंत.

अख्खा फोटो एकाच दिशेला फराटा मारल्यासारखा आलाय का? मागं दिव्यांची माळ असंल तर फार सोपं, प्रत्येक दिव्याची सारखीच वाकडी रेघ झाली असंल, सगळ्या एका साच्यातनं काढल्यागत. तो तुमचा हात.

मागचं कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर स्वच्छ वाचता येतंय आणि माणूस तेवढा पुसट? तो माणूस हललाय.

समोरची समई झकास आणि मागं बसलेली नवी नवरी मऊ मऊ? फोकस चुकला.

तुमच्या सासूबाईंच्या फोटोत काय आहे ते बघून सांगा. दुसरं, फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सला जावा. तिथं शटर (पडदा किती वेळ उघडा होता) किती, अपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) किती, आयएसओ (कॅमेऱ्यानं उजेड किती वाढवून घेतला) किती, फ्लॅश उडाला का नाही, सगळं लिहिलेलं असतंय. चार-पाच फोटोंचे आकडे हितं टाका. आकडे बघितल्याशिवाय अंदाजपंचे सांगण्यात अर्थ नाही.

उंबरठा · गुरुवार, सकाळी ९.०५

जुनारोलकाकांना +१. "फोटो हललाय"चे तीन अर्थ कधी डोक्यातच आले नव्हते.

माझी एक भर: लेन्सची काच पुसली होती का? सतरा वर्षं कपाटात म्हणजे हमखास बोटांचे ठसे. त्याने फोटो हलत नाही पण दिव्यांभोवती धुकट वलय येतं आणि सगळंच बुळबुळीत दिसतं. चष्म्याचं कापड घेऊन हलक्या हाताने पुसा, पदराने नको.

बोलघेवडी · गुरुवार, रात्री १०.१५

काका, बसले आज सगळं घेऊन. हे घ्या आकडे:

सासूबाई सोफ्यावर: १/४ सेकंद, एफ ५.५, आयएसओ २००, फ्लॅश नाही. मोठं करून बघितलं तर मागच्या शोकेसमधल्या बाहुल्यांनाही फराटा आहे, सासूबाईंनाही. म्हणजे हात. भाचीचा. (तिने लांबून झूम करून काढलाय, त्यांना कळू नये म्हणून.)

झिम्मा: १/८, एफ २.६, आयएसओ ८०, फ्लॅश नाही. इथे मागचं कॅलेंडर बऱ्यापैकी वाचता येतंय, बायका मात्र भुतं.

फुगडी: १/४, फ्लॅश उडालाय. यात चेहरा एकदा स्पष्ट आहे आणि त्याच्या बाजूला त्याचीच पुसट सावली, दोन दोन नाकं. हे काय प्रकरण?

आणि मेंदीच्या हाताचा क्लोजअप: १/६०, फ्लॅश उडालाय, हात अगदी स्थिर धरला होता, तरी मेंदी मऊ आणि मागची सतरंजी मात्र दोरा न् दोरा दिसतेय.

जुनारोल · शुक्रवार, सकाळी ६.०५

आता कसं, पेशंटनं रिपोर्ट आणले.

फुगडीचा आधी. त्या फोटोवेळी वरची चकती चांदणी किंवा चंद्राच्या चित्रावर होती का बघा, माणूस आणि त्याच्या डोक्यावर चांदणी असं चित्र असतंय. रात्र आहे म्हणून लोक चांदणीवर टाकतात. त्या मोडमधी कॅमेरा फ्लॅश तर मारतोच पण पडदाही बराच वेळ उघडा ठेवतोय, मागचा उजेड यावा म्हणून. फ्लॅशच्या क्षणाला चेहरा ठसठशीत उमटतोय आणि उरलेल्या पाव सेकंदात बाई पुढं गेलेली असती, तिची ती पुसट सावली. दुसरं नाक ते.

मेंदीचं सरळ आहे, फार जवळनं काढला. नेहमीच्या मोडला असले कॅमेरे साधारण अर्ध्या मीटरच्या आत फोकस धरत नाहीत, त्यासाठी फुलाचं बटण असतंय. काम झालं की फूल परत बंद करायला विसरू नका, नाहीतर लांबची माणसं फोकसला येता येत नाहीत.

बोलघेवडी · शुक्रवार, सकाळी ८.३०

होय!!! चांदणीवरच आहे अजून, आत्ता बघितलं. भाचीचं म्हणणं "मामी, रात्र होती ना."

गणितवेडा · शुक्रवार, दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत हिशोब मांडला, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

तुमचे दोन्ही बिनफ्लॅशचे फोटो एकाच उजेडाकडे बोट दाखवतायत, आकडे चोख जुळतात. तो उजेड भर दुपारच्या उन्हापेक्षा साधारण ५०० पट कमी आहे. आपले डोळे इतके लबाड आहेत की हा फरक आपल्याला कळूच देत नाहीत, पण कॅमेऱ्याला फसवता येत नाही. त्याला तेवढाच प्रकाश गोळा करायचा तर तीनच वाटा: भोक मोठं करा, पडदा जास्त वेळ उघडा ठेवा, नाहीतर आयएसओ वाढवा.

तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या कॅमेऱ्यात:
झूम न करता (एफ २.६) आयएसओ १०० ला १/१० सेकंद लागेल, ४०० ला १/४०, ८०० ला १/८०.
पूर्ण झूम करून (एफ ५.५) आयएसओ १०० ला अर्धा सेकंद, ४०० ला १/८, ८०० ला १/१५.

म्हणजे झूम केलं की आत येणारा प्रकाश चौथाईहून कमी होतो. वर झूममध्ये हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन दिसतो. जुना ठोकताळा असा की ३५ मिमीच्या (रोलवाल्या कॅमेऱ्याच्या) हिशोबात जितकी फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती जवळ ओढते तो आकडा, तितक्यावा सेकंद तरी शटर हवं, म्हणजे झूम न करता १/३५ आणि पूर्ण झूमला १/१४०. स्टॅबिलायझेशन यात दोन-तीन स्टॉप सवलत देतं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ), १/३५ च्या जागी १/८ सुद्धा जमून जाईल. सासूबाईंचा फोटो पूर्ण झूमला १/४ वर होता, सवलत धरूनही पाड लागणार नाही.

आता फुगडी. चेहरा मधल्या बिंदूपासून अर्धा मीटर लांब धरा, सेकंदाला एक गिरकी. म्हणजे सेकंदात चेहरा ३ मीटर फिरतो. १/८ सेकंदात जवळजवळ ४० सेंमी. १/६० ला ५ सेंमी, म्हणजे नाकाचा पत्ता नाहीच. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा लखलखाट मात्र साधारण हजारांश सेकंदाचा असतो, तेवढ्यात चेहरा सरकतो ३ मिलीमीटर.

त्यामुळे स्टॅबिलायझेशन फुगडीला शून्य उपयोगाचं, ते फक्त तुमचा हात सांभाळतं, नणंदेला नाही.

टपरीवरचा चहा · शुक्रवार, दुपारी २.१०

"नणंदेला सांभाळत नाही" हे खोक्यावर छापायला हवं.

मग आयएसओ १६०० करा की सरळ, कशाला एवढं गणित.

जुनारोल · शुक्रवार, रात्री ९.३०

चहावाले, करून बघा एकदा. या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे रोलच्या जागी फोटो उमटवणारा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, साधारण ६ बाय ४.५ मिलीमीटर. १६०० ला ठिपक्यांची रांगोळी होती, मग कॅमेरा ती रांगोळी पुसायला जातोय आणि ठिपक्यांबरोबर भुवया, केसांच्या बटा, साडीची बुट्टी सगळं पुसून टाकतोय. मेणाचा चेहरा. लोकांना मग तोही "हललेला" वाटतो, आता हा चौथा आजार म्हणा. ४०० बिनधास्त, ८०० नाइलाजाला, त्याच्यावर जाऊ नका असं माझं मत.

पण एक सांगतो, ठिपके असलेला फोटो पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला चालून जातोय. हललेला फोटो कशालाच चालत नाही. दोन्हीत निवडायची वेळ आली तर ठिपके घ्या.

आणि काही कॅमेऱ्यांत "अँटी ब्लर" नाहीतर "डिजिटल स्टॅबिलायझेशन" लिहिलेलं असतंय, ते बऱ्याचदा गुपचूप आयएसओ वाढवणंच असतंय. आतली काच किंवा सेन्सर खरोखर हलवून सांभाळणारं ते ऑप्टिकल किंवा सेन्सर शिफ्ट, ते वेगळं.

न्यूजर्सीची मावशी · शनिवार, पहाटे ४.५०

माझी संध्याकाळ आहे, घाबरू नका.

इकडे तर घरात छताला दिवेच नसतात बऱ्याच वेळा, कोपऱ्यात पिवळे लॅम्प, त्यामुळे आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाचे फोटो म्हणजे तुमच्या वरची पायरी. मी शेवटी काय केलं, पाहुणे यायच्या आधी लॅम्पांतले बल्ब बदलून जास्त वॉटचे लावले आणि स्वयंपाकघराचा दिवाही चालू ठेवला. कॅमेऱ्यात काही न बदलता निम्मं काम झालं. लोक हे कधीच करत नाहीत, कॅमेऱ्याच्या मेनूत शिरून बसतात. बोलघेवडी, तुझ्याकडे गौरी बसतात तिथे एखादी ट्यूब वाढव ना.

एक विचारायचं होतं, पुण्याला भावाकडे काढलेल्या काही फोटोंत ट्यूबच्या उजेडात एक फोटो पिवळट एक हिरवट असं का येतं? एका मिनिटात काढलेले.

गणितवेडा · शनिवार, सकाळी १०.२०

मावशी, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/२०० वगैरे ठेवलं तर त्या लाटेचा एखादाच तुकडा हाती लागतो, कधी वरचा कधी खालचा, त्यानुसार रंग आणि उजेड बदलतो. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर लाट पूर्ण येते. तुमच्याकडे ६० हर्ट्झ, म्हणून तिथे १/१२० किंवा १/६०.

बल्ब वाढवण्याची आयडिया मात्र माझ्या सगळ्या गणिताच्या वर आहे. उजेड दुप्पट म्हणजे शटरचा वेळ निम्मा, फुकटात.

आमराई · शनिवार, दुपारी १२.००

रत्नागिरीहून बोलतोय. उंबरठांनी ठसे सांगितले, मी बुरशी सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेवर येते तशी लेन्सच्या आतही येते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. माझा एक कॅमेरा असाच गेला, चामड्याच्या कव्हरात प्रेमाने गुंडाळून ठेवला होता आणि तेच कव्हर ओल धरून बसलं. बघायचं असेल तर कॅमेरा चालू करून लेन्स बाहेर आली की बाजूने टॉर्च मारा आणि तिरक्या नजरेने बघा. आता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, बायको त्या डब्याला लोणच्याचा डबा म्हणते.

आणि आमच्या घराला कौलं, हॉलला सिलिंगच नाही. फ्लॅटवाल्यांनो तुमचं पांढरं छत म्हणजे फुकटची छत्री आहे, फोटोग्राफर काय वापरतात ती.

उंबरठा · शनिवार, दुपारी ३.१५

आमराई, छताचं समजलं नाही, या छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तर वर वळवताच येत नाही ना?

आमराई · शनिवार, दुपारी ३.४०

वळत नाही, पण लग्नपत्रिकेचा पांढरा गुळगुळीत तुकडा फ्लॅशसमोर तिरका धरला तर बराच उजेड छताकडे जातो आणि वरून मऊ होऊन खाली येतो. चेहरे पांढरेफटक होत नाहीत. अर्थात एवढासा फ्लॅश, त्यात जोर तो किती, छोट्या खोलीत आयएसओ ४०० ठेवून जमतं, मंगल कार्यालयात नाही. लेन्ससमोर पत्रिका येऊ देऊ नका, माझ्या पहिल्या दहा फोटोंत "आमचे येथे श्रीकृपेकरून" आलं होतं.

बोलघेवडी · शनिवार, रात्री ११.१०

"आमचे येथे श्रीकृपेकरून" वाचून मोठ्याने हसले, घरातले उठले 😄

बरं, फ्लॅश वापरावा की नाही? भाची म्हणते वापरायचाच, त्या जुन्या लूकची मजाच ती. मला ते कपाळ चमकणं आणि मागे काळाकुट्ट अंधार नाही आवडत.

जुनारोल · रविवार, सकाळी ६.१५

पळणाऱ्या माणसाला फ्लॅश, बसलेल्याला बिनफ्लॅश, एवढं धरून चला.

फ्लॅशची पोच असती तीन-साडेतीन मीटर, झूम केलं की आणखी कमी. आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. म्हणून पुढच्या बाईचं कपाळ चमकतंय आणि मागच्या बाया अंधारात जातात. उपाय सोपा हाय, सगळ्यांना कॅमेऱ्यापासनं साधारण सारख्या अंतरावर घ्या, दोन मीटरवर, आणि भिंत त्यांच्या पाठीशी फार लांब नको.

तुमची चांदणी वाईट नाही बरं का. फुगडीला तीच चांदणी मुद्दाम वापरून बघा. चेहरा फ्लॅशनं थिजतोय आणि पदराचा, वेणीचा फराटा मागं राहतोय, गिरकी दिसती फोटोत. फक्त पाव सेकंद नको, शटर हातानं ठेवायचा मोड असंल तर चांदणीऐवजी त्यावर जावा, फ्लॅश चालू करा आणि १/१५ च्या आसपास ठेवा. दहात दोन येतील पण ते दोन फ्रेम करून लावाल. सगळं थिजवलेली फुगडी म्हणजे दोन बाया हात धरून वाकड्या उभ्या आहेत असंच दिसतंय.

झिम्म्याला दुसरी युक्ती. टाळी पडते त्या क्षणी हात एक पळभर थांबतात. त्या ठेक्यावर दाबा.

आता बटण. सगळ्यांचं एकच चुकतंय, समोर काही झालं की गपकन दाबतात. दाबण्याच्या धक्क्यानं कॅमेरा खाली जातोय आणि असल्या कॅमेऱ्याला फोकस शोधायलाच अर्धा-पाऊण सेकंद लागतोय, तोवर फुगडी सुटून बाया खाली बसलेल्या असतात. बटण अर्धं दाबून ठेवायचं, "टिक टिक" वाजतंय, हिरवी चौकट येती. नारिंगी लुकलुकली तर समजा कॅमेराच सांगतोय की हात हलणार. हिरवं झाल्यावर तसंच धरून थांबायचं आणि क्षण आला की उरलेलं हळू दाबायचं. फोकससाठी पुढं एक नारिंगी दिवा लागतोय अंधारात, त्याच्यावर लोक बोट ठेवतात, मग कॅमेरा आंधळा.

रिकामटेकडा · रविवार, सकाळी ११.००

दोरीची युक्ती कुणीच सांगितली नाही? हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची बोल्ट घ्यायचा (बुडाला ट्रायपॉडसाठी जे भोक असतं त्यात बसतो, दुकानदाराला कॅमेराच दाखवा, आटे जुळले पाहिजेत आणि लांब बोल्ट आत पिळत बसू नका), त्याला सुतळी बांधायची, सुतळीचं दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ करायची. वरखाली हलणं एकदम कमी होतं. पाच-दहा रुपयांत ट्रायपॉड. लोक हसतात पण.

तेही नको तर पाठ दाराच्या चौकटीला टेकवा, कोपरं पोटाला चिकटवा, श्वास अर्धा सोडा आणि मग दाबा. हात लांब करून स्क्रीनकडे बघत काढणं म्हणजे कॅमेरा काठीला बांधून काढणं. तुमच्या २००८ च्या मॉडेलला डोळ्याला लावायची खिडकी असेल तर ती वापरा, कपाळ हा तिसरा हात. तीन-तीन फोटो लागोपाठ काढा, मधला बहुतेक चांगला येतो कारण दाबायचा आणि सोडायचा धक्का पहिल्या-तिसऱ्याला जातो.

खिडकीतली चिमणी · रविवार, दुपारी ४.३०

गौरींसाठी तर हातात धरूच नका ना, गौरी कुठे हलतायत. किलोभर तांदळाची पिशवी डब्यावर ठेवायची, त्यात कॅमेरा दाबून बसवायचा, फ्लॅश बंद, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. शटर एक सेकंद झालं तरी काडीचा फरक पडत नाही. मुखवट्याची नथ न् नथ येते. फ्लॅश मारला की मुखवटे चकाकतात आणि डोळ्यांतला तो भाव जातो. फक्त लाद्या हलतील असं कुणी चालू नका त्या वेळी.

गणितवेडा · रविवार, संध्याकाळी ६.००

चिमणीताईंना पूर्ण पाठिंबा, आणि तांदळावर ठेवल्यावर स्टॅबिलायझेशन बंद करा, काही जुने कॅमेरे स्थिर असतानाही उगाच सांभाळायला जातात आणि त्यानेच किंचित हलतं.

ज्यांना याच आकारातलं पण घरात चांगलं चालणारं जुनं घ्यायचंय त्यांच्यासाठी जाता जाता: २००६ चा फुजी एफ३१एफडी, २००८ चा पॅनासॉनिक एलएक्स३ (एफ २.० पासून), २००९ चा कॅनन एस९०, आणि २०१२ चा सोनी आरएक्स१००, ज्याचा सेन्सर नेहमीच्या छोट्या कॅमेऱ्याच्या चौपट आहे. हे सगळे अजून जुन्या बाजारात मिळतात, पण या वेडापायी भाव काहीच्या काही झालेत.

बोलघेवडी · सोमवार, रात्री १०.४५

आज प्रयोग केले. समई पेटवून समोर कॅलेंडर टांगलं, एकादशीची बारीक अक्षरं वाचता येतात का हा निकष. पी मोड (आयएसओ मी ठरवायचा, शटर-अपर्चर कॅमेऱ्याने), आयएसओ ४००, झूम अजिबात नाही, चौकटीला पाठ: १/४० आलं, गणितवेडांनी सांगितलं होतं तेवढंच!! अक्षरं वाचता आली. त्याच जागेवरून पूर्ण झूम केल्यावर दहापैकी नऊ वाया. मग दोन पावलं पुढे जाऊन बिनझूम काढला, तोच फोटो, स्वच्छ.

सेल मात्र रिमोटमधले काढून घातले होते ते चौदाव्या फोटोला गेले आणि फ्लॅश भरायला इतका वेळ की मध्ये चहा झाला.

रिकामटेकडा · सोमवार, रात्री ११.०५

रिमोटचे साधे सेल घालूच नका, फ्लॅशची भूक त्यांना झेपत नाही. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, चार, म्हणजे दोन आत दोन खिशात.

बोलघेवडी · तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३.२०

धागा वर काढतेय, गौरी काल गेल्या.

गौरी: तांदळाची पिशवी, टायमर, वर एक जास्तीची एलईडी ट्यूब (मावशी, थँक्यू). एकही हलला नाही. ज्येष्ठेच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजता येतायत. सासूबाईंनी विचारलं हे तांदूळ परत डब्यात टाकायचे का.

आरती: इथे तंतरली. निरांजन हलतं, पोरं टाळ्या पिटतात, फ्लॅश मारला की ज्योतीचा उजेडच जातो. आधी सहा-सात फोटो गेले. मग लक्षात आलं की ओवाळताना तबक डावीकडून उजवीकडे वळतं तिथे क्षणभर मंदावतं. अर्धं बटण दाबून बसले, तीनदा सोडून दिलं, चौथ्याला दाबलं. आयएसओ ८००, १/३०. सासऱ्यांचा चेहरा खालून सोनेरी, तबक जरा मऊ, मागे टाळ्यांचे हात पूर्ण पुसट, आणि चेहरा एकदम स्वच्छ. ठिपके आहेत भरपूर. चालतील.

फुगडी: गौरी जेवल्या त्या रात्री नणंद आणि भाची खेळल्या, मी चांदणीचीच युक्ती मुद्दाम. माझ्या कॅमेऱ्यात शटर हाताने ठेवता येतं हे मला सतरा वर्षांत माहीत नव्हतं. १/१५, फ्लॅश. चाळीस काढले, तीन आले. एकात नणंदेचे दात दिसतायत इतकी हसतेय आणि तिची वेणी मागे अर्धं वर्तुळ काढून गेलीय. काका, तुम्ही दहात दोन म्हणाला होतात, आमचं दहात एकसुद्धा नाही, पण तो लावणार आहे फ्रेम करून.

फुगडी सोडून एकूण ९६ फोटो, ठेवण्यासारखे ५८.

जुनारोल · रविवार, रात्री ८.५०

चाळीसात तीन म्हणजे हाताला वळण लागलंय. रोल असता तर ३६ तच थांबायला लागलं असतं आणि नवऱ्यानं खर्चाचा हिशोब मागितला असता.

त्या वेणीच्या फोटोची प्रिंट मॅटवर काढा, ग्लॉसीवर नको, ठिपके कमी डोळ्यात येतात.

टपरीवरचा चहा · रविवार, रात्री ९.१५

कबुली देतो. काल आमच्याकडच्या आरतीचे मोबाईलवरचे फोटो बघितले, नाइट मोड लावला होता, मूर्ती झक्कास आणि चुलतभावाला तीन हात. तो अनेक फोटो जोडून एक करतो म्हणे, आणि भाऊ टाळ्या वाजवत होता.

मामांकडे असाच एक डबा पडलाय. त्याची फुलाची बाजू कुठली आणि चांदणीची कुठली तेवढं सांगा कुणीतरी, चित्रं पुसली गेलीत.